हा तर होताच ना, परत काहून घेतला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण घरी येणारा जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो. आमच्या नागपूरच्या, धरमपेठच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर ट्रान्सफॉर्मर्सचे खेळण्यातले रोबोट उभे आहेत, गाडीचा रोबोट होतो, विमानाचा होतो तसले, आणि त्यातले तीन-चार जरा जवळून बघितले की एकाच अंगाचे आहेत हे लगेच दिसतं. मग मावशी म्हणते, हा तर होताच ना, परत काहून घेतला? आणि ज्यांना स्वतःला घ्यायचाय ते विचारतात, दादा, रिपेंट आहे, म्हणजे जुन्याचाच नुसता रंग बदललाय, घेऊ का?

तर पहिली गोष्ट, ही काही आजकालची चलाखी नाही. १९८४ मध्ये ट्रान्सफॉर्मर्स आले तेव्हाच स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प हे तिघं एकाच एफ-१५ विमानाच्या साच्यातून निघालेले होते, एक राखाडी, एक निळा, एक काळा-जांभळा. तो साचाही तेव्हा नवा नव्हता, जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन या खेळण्यांच्या मालिकेतला होता, हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने तो घेतला आणि मग त्या तिघांना नावं आणि स्वभाव मिळाले. स्टीलचा साचा करायला पैसा प्रचंड लागतो, तो एकाच रोबोटवर वसूल करायचा म्हटलं तर कठीणच, म्हणून त्याच साच्यातून दुसरा, तिसरा निघतो. नुसता रंग बदलला तर रिपेंट, आणि साच्याचा काही भाग नव्याने केला, म्हणजे डोकं, पंख, एखादा हात, तर रीमोल्ड. साइडस्वाइप हा रोबोट म्हणजे लाल लॅम्बोर्गिनी गाडी होती, पुढच्या वर्षी त्याच अंगावर पांढरा-लाल रंग आणि टपावर दिव्यांची पट्टी आली आणि तो रेड अलर्ट झाला, कार्टूनमध्ये सगळ्यांवर संशय घेणारा. एवढीशी पट्टी, पण दोघांना शेजारी ठेवलं तर मला तरी ते दोन वेगळे जण वाटतात.

आता हे नागपूरकरांना तरी फार समजवायला लागू नये. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी आहे, आजोबांनी घेतलेला, दरवर्षी पोळ्याच्या आधी आई त्याला ऑइल पेंट मारायची, झूल कधी हिरवी कधी लाल, पण तो आमचा तोच नंदी असायचा, कोणाला काही वेगळं वाटायचं नाही. एका वर्षी त्याचं शिंग तुटलं म्हणून सुताराने दोन्ही शिंगं नवीन बसवली, आधीपेक्षा जाड आणि सरळ वर गेलेली, आणि त्या वर्षी गल्लीतले सगळे पोट्टे विचारायला लागले, नवा घेतला का रे? अंग तेच, चाकं तीच. तेव्हापासून मी डोक्याकडे आधी बघतो. रीमोल्डमध्ये डोकं नवीन असेल आणि ते नीट घडवलेलं असेल तर निम्मं काम झालं.

पण उरलेलं निम्मं हातात घेतल्याशिवाय कळत नाही, फोटोवर जाऊ नका. गेल्या महिन्यात माझ्याकडे एक पांढरा-लाल जेट आला, आधीच्या राखाडी जेटचाच रीमोल्ड, डोकं आणि पंख नवे. फोटोत फार सुंदर होता. ट्यूबलाइटखाली गादीवर बसून उघडला तर गुडघे भडक लाल, बाकी पाय पांढरा. आता हे का होतं, तर यातला बराचसा रंग वरून मारलेला नसतोच, प्लास्टिकच त्या रंगाचं असतं, आणि एकाच साच्यात एकत्र ओतले जाणारे पार्ट एकाच रंगाचे निघतात, म्हणजे खांद्याला लाल हवा असेल आणि गुडघा त्याच्याच सोबत ओतला जात असेल तर गुडघाही लाल येणार. मूळ राखाडी जेटमध्ये हे झाकलं गेलं होतं कारण सगळंच राखाडी. म्हणून मी रिपेंट बघताना रंग सुंदर आहे का हे नंतर बघतो, आधी बघतो की नको तिथे कुठला रंग आलाय आणि तो मला रोज फळीवर खटकेल का.

मग जॉइंट. कंबरेपाशी पाय फिरवला की, जॉइंट खाचांचा असेल तर, कट कट असा आवाज यायला हवा. जिथे जॉइंटवर वरून रंग मारलाय तिथे पहिल्यांदा फिरवताना घट्ट लागतं, जोर लावू नका, थोडं थोडं मागेपुढे करा, नाहीतर रंग तरी निघेल नाहीतर खुंटी तरी तुटेल. पारदर्शक प्लास्टिकच्या जॉइंटला तर अजून जपा, त्याला तडा लवकर जातो. उलट बॉल जॉइंट सैल असेल तर गोळा बाहेर काढून ट्रान्सपरंट नेलपॉलिशचा एक पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच बसवायचा, हे मी कितीतरी वेळा केलंय. जुन्या सेकंडहँड रोबोटमध्ये चमचमणारं सोनेरी प्लास्टिक असेल तर मी मात्र हात लावत नाही, त्यातलं काही प्लास्टिक वयाप्रमाणे इतकं ठिसूळ होतं की नुसतं फिरवल्यावर चुरा पडतो.

आणि मे महिन्यात पार्सल स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका, कळकळीने सांगतो. माझ्या एका जेटच्या पंखांची मऊ टोकं सीताबर्डीहून घरी येईपर्यंत वाकली होती. गरम पाण्यात थोडा वेळ धरली, बोटांनी सरळ केली आणि लगेच थंड पाण्यात, तेव्हा कुठे जागेवर आली.

आता भाच्याने कालच विचारलंय, त्याच्याकडे राखाडी जेट आहे, तर त्याच साच्यातला काळा घ्यावा का. त्यात फक्त रंग बदललाय, डोकंही तेच आहे, तर माझं मत असं की काळा ज्याचा रंग आहे ते पात्र तुला आवडत असेल तरच घे, नाहीतर थोडं थांब आणि रीमोल्ड आला तर तो घे. आणि दुकानात उघडा ठेवलेला मिळाला तर आधी डावा पाय कंबरेपाशी फिरवून बघ, तुझ्या राखाडीचा तोच जॉइंट सैल आहे ना, रविवारी येताना तोही घेऊन ये, नेलपॉलिश आहे घरी.