शेवटची फेरी

पणजीसमोर, मांडवीच्या पलीकडल्या तीरावर, बेतीच्या धक्क्यावर मला एक गृहस्थ भेटतात. पणजीहून फेरीबोट निघताना दिसली की छत्री मिटत म्हणतात, "ही आता फार दिवसांची सोबतीण नव्हे. सोंपलें." गेली वीस वर्षं मी हे ऐकतोय. एवढ्या काळात त्यांच्या तीन-चार छत्र्या संपल्या असतील.

१९७० साली मांडवीवर नेहरू पूल झाला, तेव्हाच लोकांनी फेरीबोटीचं तेरावं जेवून हात धुतले होते, असं बाबा सांगायचे. मग ५ जुलै १९८६ला, ऐन पावसात, तोच पूल कोसळला. १९९२मध्ये नवा पूल होईपर्यंत नदीपलीकडचं अख्खं बार्देस पणजीला आलं ते याच 'मेलेल्या' फेरीबोटीत बसून. तेराव्याला जेवलेलेही रांगेत असणारच!

मी तरी कुठे शहाणा? जानेवारी २०१९मध्ये मांडवीवरचा आणखी एक पूल, अटल सेतू, खुला झाला, तेव्हा मावळतीला फेरीबोटीचा फोटो काढून स्टेटसला टाकला: एका युगाचा अस्त. दुसऱ्या दिवशी पणजीत स्कूटर लावायला जागा मिळेना. तिसऱ्या दिवशी ती बेतीलाच ठेवून मुकाट फेरीत चढलो. पायी माणसाला तिकीटही नाही.

आपण शेवटचे साक्षीदार, असं म्हणताना माणूस जरा ताठ बसतो. आमच्या गावच्या जत्रेतलं नाटकही दर वर्षी 'यंदाचं शेवटचंच' असतं. पुढच्या वर्षी तालमीला तीच मंडळी, फक्त नायकाचं पोट थोडं पुढे.

परवा पाऊस होता. बोट जवळ आली, लोखंडी फळी धक्क्यावर खर्रकन घासली. खलाशाने दोराचे दोन वेढे खुंटाला मारले. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई "सर रे मात्शें" म्हणत स्कूटरांच्या मधून वाट काढू लागली. मी गृहस्थांना म्हटलं, "काका, रायबंदर-चोडण मार्गावर २०२५मध्ये रो-रो फेरीबोट आली. गाड्या एका तोंडाने चढतात, दुसऱ्याने उतरतात. दोन्ही तोंडांना फळी. बोटीला वळायचीसुद्धा गरज नाही."

ते क्षणभर गप्प झाले. "वळत नाही ती कसली फेरी? सोंपलें सगळें," म्हणाले, आणि छत्री काखेत मारून माझ्याआधी बोटीत चढले.