दोन बाटल्या आणि थोरलीची वही

सांगलीत माझं मेडिकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागणाऱ्यांना परत पाठवण्यात माझी निम्मी संध्याकाळ जाते. गेल्या वर्षी माझ्याच पोरासाठी मी फोनवरून सहा मिनिटांत गांजाच्या झाडाच्या अर्काची चिठ्ठी मिळवली, तेव्हा आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला.

धाकटा बारा वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. पाच-सहा शब्द बोलतो, त्यात सगळ्यात स्पष्ट ‘शटर’. सकाळी दुकानाचं शटर वर जाताना बघणं हे त्याचं सुख. नवव्या वर्षी फिट आली, तेव्हापासून व्हॅल्प्रोएटचं सायरप चालू आहे. पुढे हात चावणं सुरू झालं. उजव्या मनगटाच्या वर आता घट्टा पडलाय, भांडी घासणाऱ्या बाईच्या हाताला पडतो तसा. रात्री दोन-अडीचला उठायचा, आणि तो उठला की उजाडेपर्यंत घरात कुणाचा डोळा लागायचा नाही.

रिसपेरिडोन देऊन झालं होतं. ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी अमेरिकेत त्याला २००६ पासून मान्यता आहे आणि माझ्या काउंटरवरून कितीतरी घरांत ते जातं. त्यानं चावणं कमी झालंही. पण आठ महिन्यांत नऊ किलो वजन वाढलं आणि एका रात्री पोरगं स्वयंपाकघरात भाताचं पातेलं मांडीवर घेऊन बसलेलं सापडलं. डॉक्टरांनी हळूहळू ते बंद केलं. चावणं परत आलं, वजन मात्र गेलं नाही.

तेव्हा पालकांच्या ग्रुपवर एकानं ‘विजया तेल’ सुचवलं. त्यांचा मुलगा रात्रभर झोपतो म्हणे. विजया म्हणजे भांगेचं आयुर्वेदातलं नाव. मी घरात विषय काढला तर आई ताटावरून उठली. “महाशिवरात्रीला शंकराला वाहतात ती भांग? लेकराला देणार तू?” बायको काहीच बोलली नाही. तिची तेव्हा सलग चौथी जागरणाची रात्र होती.

कायद्याचं मी आधी बघितलं, धंदाच तसला. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांपासूनचा अर्क आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनतो. तरी भांग औषधांच्या नियमांतल्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावीच लागते. नुसती भांग मात्र महाराष्ट्रात परवान्याशिवाय विकताही येत नाही की बाळगताही येत नाही. आईला यातलं एवढंच सांगितलं की पोलीस येणार नाहीत. तिचा प्रश्न पोलिसांबद्दल नव्हताच.

मग तो फोन. कंपनीच्या पॅनेलवरच्या वैद्यांनी वय विचारलं, वजन विचारलं, त्रास विचारला. चालू औषधं विचारली नाहीत. व्हॅल्प्रोएटचं मीच सांगितलं तर “काही हरकत नाही, दोन तासांचं अंतर ठेवा” म्हणाले. फोन ठेवेपर्यंत चिठ्ठी मोबाइलवर आली होती, तिसऱ्या दिवशी कुरिअरनं बाटली आली. मी दुकानात बसून लेबल वाचलं. अर्क किती मिलिग्रॅम ते होतं. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, ते नव्हतं.

हे दोन्ही त्याच झाडातले घटक. टीएचसीनं नशा चढते, सीबीडीनं चढत नाही. मुलांवरचे जे अभ्यास मी वाचले होते त्यांत तेल सीबीडीचं होतं आणि टीएचसी नावापुरतं, वीसास एक. जेरुसलेमच्या शारे झेडेक रुग्णालयातल्या डॉ. आदी अरान यांनी २०१९ मध्ये साठ मुलांचा अनुभव छापला, त्यात जास्त टीएचसी घेतलेल्या एका मुलीला भ्रमाचा झटका येऊन त्यासाठी वेगळे उपचार द्यावे लागले होते. लेबलावर प्रमाणच नसेल तर मी पोराच्या जिभेखाली काय सोडतोय?

बॅचचा चाचणी अहवाल मागितला. पहिला आला तो भलत्याच बॅचचा. दुसऱ्यात बॅच नंबरच खोडलेला. बाराव्या दिवशी खरा अहवाल आला, त्यात टीएचसी आणि सीबीडी जवळपास बरोबरीनं होते. ती बाटली मी उघडलीच नाही. चार हजार दोनशे रुपये गेले, पण हे पैसे गेल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. दुसऱ्या ठिकाणाहून सीबीडी जास्त असलेलं तेल मागवलं. यावेळी अहवाल आधी, पैसे नंतर.

तो अहवाल घेऊन मिरजेला धाकट्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “तुम्ही विचारायला आलात हेच पुष्कळ. माझे निम्मे पेशंट देऊन मोकळे होतात आणि मला सहा महिन्यांनी कळतं.”

ते बाकी काय म्हणाले ते जरा सविस्तर सांगतो, कारण ग्रुपवर हे कुणी बोलत नाही. शुद्ध सीबीडीचं एक औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालं, पण ते लहानपणीच्या काही हट्टी फिट्सच्या आजारांसाठी. ऑटिझमसाठी नाही. त्याच्या चाचण्यांत दिसलं की व्हॅल्प्रोएट चालू असलेल्या मुलांना सीबीडी दिलं की काहींच्या यकृतातली एन्झाइम्स वाढतात. दोन तासांचं अंतर ठेवून यातलं काही टळत नाही. क्लोबाझम हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर त्याचा अंमल वाढून मूल पेंगत राहतं, ते वेगळंच. आणि ऑटिझमबद्दल म्हणाल तर, त्याच डॉ. अरान यांनी पुढे दीडशे मुलं आणि तरुण घेऊन खोट्या औषधाशी तुलना करून बघितली, २०२१ मध्ये ती छापून आली. मुख्य मोजमापं दोन होती. पालकांनी भरलेल्या वागण्याच्या प्रश्नावलीत फरक निघाला नाही. डॉक्टरांच्या एकूण मतानुसार मात्र अर्क घेतलेल्यांपैकी ४९ टक्क्यांचं वागणं बरंच सुधारलं होतं, आणि खोटं औषध घेतलेल्यांपैकी २१ टक्क्यांचं.

“या एकवीस टक्क्यांकडे बघा,” डॉक्टर म्हणाले. “नुसत्या तेलानं.”

परत येताना बसमध्ये तो आकडाच डोक्यात होता. विश्रामबागला उतरेपर्यंत ठरलं: दोन बाटल्या करायच्या. एकीत तिळाचं तेल, दुसरीत हे. डॉक्टरांना फोनवर विचारलं. त्यांनी अटी घातल्या. सुरुवात अगदी थोड्यापासून, मात्रा तेच ठरवणार. आधी एसजीपीटी, म्हणजे यकृताचं एन्झाइम तपासायचं, मग दर तीन आठवड्यांनी. शाळा, थेरपी, जेवण यांत या काळात काही बदलायचं नाही. आणि वहीत झोप आणि चावण्याबरोबर संडासचाही रकाना ठेवायचा. तो कशाला ते मला तेव्हा कळलं नाही.

वही थोरलीकडे दिली. ती अकरावीला आहे, माझ्यापेक्षा प्रामाणिक. बाटल्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ एवढंच. थेंब मीच द्यायचे. पहिले दोन आठवडे काहीच न देता नुसतं लिहायचं, मग तीन आठवडे अ, एक आठवडा मोकळा, तीन आठवडे ब, आणि पुन्हा तेच. बायकोलाही सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण ब सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, “अहो, याच्या तोंडाला ओल्या गवताचा वास येतोय.” म्हणजे तिच्यापुरतं ते तिथंच संपलं. थोरलीनं मात्र तोंडाचा वास घेतला नाही, ती वहीत गुंतलेली.

वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा देतो. ‘रात्री २:१०, ४:३०. चावणं ११. आजीनं गुपचूप लाडू दिला.’ ‘चावणं १७. शेजारी बोअरचं मशीन.’ ‘चावणं ४. पप्पांनी त्याला दिवसभर दुकानात नेलं.’ या शेवटच्या नोंदीवर मी भांडलो, कारण काही बदलायचं नाही अशी अट होती. तर म्हणाली, “मोडली कुणी?”

आता आकडे. काहीच चालू नव्हतं तेव्हा दिवसाला सरासरी चौदा वेळा चावणं. अ बाटलीच्या आठवड्यांत नऊ. ब मध्ये आठ. जागरणाच्या रात्री आठवड्याला पाच होत्या, अ मध्ये चार झाल्या, ब मध्ये दोन. चौदाचे नऊ झाले ते तिळाच्या तेलावर! आम्ही सगळेच त्या काळात त्याच्याकडे जास्त बघत होतो, हात तोंडाकडे जायच्या आत कुणीतरी तो धरत होतं, हे एक कारण असेल. दुसरं पुढे येईल.

ब मध्ये आणखी एक झालं. दोन भाकऱ्या खाणारा पोरगा अर्धी टाकायला लागला. वजन उतरणार म्हणून मी मनातल्या मनात खूशही झालो. त्याच आठवड्यात तीन आठवड्यांची तपासणी होती. एसजीपीटी सुरुवातीला २८ होतं, अ नंतर ३१. ब नंतर १२१. लॅबवाला ओळखीचा, त्यानं रिपोर्ट पाठवायच्या आधी फोन केला: “दादा, पोराला काविळीचं काही वाटतंय का?”

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बंद करायला सांगितलं. व्हॅल्प्रोएट बदलून पुन्हा बघता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, फिट्स ज्या औषधानं दोन वर्षं थांबल्यात ते या प्रयोगासाठी हलवणार नाही. आणि त्याच्या जागी लेव्हेटिरासिटम आणलं तर काही मुलांची चिडचिड त्यानंच वाढते, मग तुम्ही मोजणार काय? महिन्याभरानं एसजीपीटी ३९ वर आलं. तो महिना मी रोज सकाळी त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघत होतो. त्याला वाटायचं मी खेळतोय, तोही माझे डोळे ताणायचा.

थोरलीला सगळं उघड करून सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. मग वही उघडून दाखवली. अ च्या आठवड्यांवर तिनं समासात पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवलं होतं, ‘हेच खरं, नक्की’.

झोपेचं मात्र खरं होतं असं बायको म्हणते. तिनं त्या तीन आठवड्यांत सलग सहा-सहा तास झोप काढली, तिच्यासाठी तो पुरावा पुरेसा आहे, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. माझी शंका एवढीच की ती झोप होती की गुंगी. इस्रायलच्या चाचणीतही पेंगणं आणि भूक मंदावणं हेच दुष्परिणाम सगळ्यात जास्त दिसले होते. ब च्या आठवड्यांत तो सकाळी शटर बघायला उठायचा नाही, हे वहीत नाही, कारण तसा रकानाच नव्हता.

आणि संडासचा रकाना. डॉक्टरांनी सगळी वही घेऊन त्या एकाच रकान्यावर बोट फिरवलं. जिथं तीन दिवस कोरे, तिथं चावण्याचे आकडे जवळपास दुप्पट. अ च्या तीन आठवड्यांत असे कोरे दिवस कमी होते, का ते कुणाला माहीत. पेरूचे दिवस होते, आई रोज पेरू आणायची. बद्धकोष्ठानं पोट दुखत असेल आणि सांगायला शब्द नसेल तर मूल हात चावतं, इतकी ती साधी गोष्ट. आता पोट साफ व्हायचं लॅक्टुलोज चालू आहे. माझ्याच दुकानात, काउंटरच्या मागच्या दुसऱ्या फळीवर, वडिलांच्या काळापासून असतं ते. चावणं एखाद्या आठवड्यात पाचावर येतं, एखाद्यात पुन्हा बारावर जातं. रात्री तो अजून उठतो. पाळ्या लावल्यात, सोमवार, बुधवार, शनिवार माझे.

ब बाटली निम्मी उरलीय. कुणी मागितली तर देता येत नाही, मोरीत ओतवत नाही. दुकानातल्या कुलपाच्या कपाटात ठेवलीय, मुदत पुढच्या फेब्रुवारीपर्यंत. महिन्यातून एखादा पालक काउंटरशी रेंगाळतो, गिऱ्हाईक पांगलं की हळूच विचारतो, “तुमच्याकडे ते तेल मिळतं का हो?” मी आधी विचारतो, फिटचं औषध कोणतं चालू आहे. बरेच जण तिथंच थबकतात. कुणी विचारलेलंच नसतं.