पावती कोरी झाली होती

आमच्या कॉलेजात ग्राहक मार्गदर्शन कक्ष माझ्याकडे आहे, म्हणजे स्टाफरूमशेजारची छोटी खोली आणि दर गुरुवारचे दोन तास. बहुतेक वेळा मोबाईल नाहीतर ऑनलाईन मागवलेले बूट असलंच काहीतरी येतं. त्या गुरुवारी एसवायची एक मुलगी आली, मूळची बीडकडची, दारातूनच म्हणाली, मॅडम, बाबांच्या खात्यातून 4 हजार कटले, मी तर तो क्लास कधीच सोडलाय.

बसवलं, पाणी दिलं, मग कळत गेलं. पुण्यातल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासची वर्षाची फी 48 हजार, काउंटरवरच्या माणसाने सांगितलं महिन्याला 4 हजारच भरा, व्याज नाही काही नाही, बाबांचं आधार-पॅन द्या आणि ओटीपी सांगा. बाबा शेतात होते, त्यांनी फोनवर आकडे वाचून दाखवले, झालं. वर्गात एवढी गर्दी की मागून फळा दिसेना, 11 दिवसांनी हिने लेखी देऊन क्लास सोडला तर म्हणे फी नॉन-रिफंडेबल आहे, पावतीवर छापलंय.

म्हटलं दाखव पावती. तिने फाईलमधून काढली, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेली, आणि ती कोरी! थर्मल कागद होता, अक्षरं उडून गेलेली, उजेडात धरली तरी वरचा लोगो तेवढा पुसटसा. पोरगी रडायलाच लागली. मी विचारलं, फी भरली त्या दिवशी कुणाला फोटो पाठवला होतास का गं? आईला पाठवला होता. दहा मिनिटं व्हॉट्सअप वर वर सरकवत राहिली आणि सापडला, रक्कम, तारीख, सगळं स्वच्छ.

मग बाबांचा ईमेल उघडला, तो तिनेच काढून दिलेला, त्यात इंग्रजीतला लांबलचक करार. फीचे हप्ते नव्हतेच ते, एका फायनान्स कंपनीचं बाबांच्या नावावर कर्ज होतं, पैसे क्लासला कधीच पोचलेले. मैत्रिणी तिला सांगत होत्या बँकेत जाऊन ऑटो डेबिट बंद कर, त्यापासून तिला मी आधी थांबवलं, कारण हप्ता चुकला की बाबांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब आणि उद्या पीककर्जाला तेच आडवं येणार.

नॉन-रिफंडेबल छापलं की विषय संपला असं पोरं धरून चालतात याचं मला फार वाईट वाटतं. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, पूर्ण फी भरून मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करावी असं त्यात स्पष्ट आहे. तेच लिहून क्लासला मेल केला, कॉपी फायनान्स कंपनीला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला. बोलायला तिलाच लावलं. आधी आवाज फुटेना, पण तक्रार नंबर लिहून घेताना तिने तो दोनदा वाचून खात्री करून घेतली.

रात्री बाबांचा फोन आला, मॅडम, कोर्टकचेरी नको, वकिलाला कुठून देऊ? त्यांना सांगितलं, दादा, नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य, वकील लागत नाही आणि तुम्ही राहता तिथे बीडलाच तक्रार करता येते, फक्त 2 वर्षांच्या आत. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, बीडलाच का? मग मी येतो.

जावं लागलं नाही. आधी क्लासवाल्यांनी दुसऱ्या बॅचचं आमिष दाखवलं, तिने नको म्हणून लिहून दिलं, मग 11 दिवसांचे कापून बाकी पैसे फायनान्स कंपनीकडे वळते केले. कर्ज बंद झाल्याचं पत्र अजून यायचंय, त्यासाठी ती दर गुरुवारी येऊन मेल टाकून जाते.