मोंतोबाँला जाऊन असान्यांना भेटून आले

फ्रान्समधल्या तुलूझहून मोंतोबाँ ट्रेनने जेमतेम अर्धा तास. गाव सगळं गुलाबी विटांचं, टुरिस्ट येतात ते बहुतेक चित्रकार अँग्रचं म्युझियम बघायला, मी मात्र सरळ स्मशानभूमीचा रस्ता धरला कारण तिथे मानुएल असान्या आहेत, स्पेनच्या यादवी युद्धातले प्रेसिडेंट. अगदी साधी कबर, वर ताजी फुलं, फुलांना लाल-पिवळी-जांभळी रिबन, म्हणजे स्पेनच्या तेव्हाच्या रिपब्लिकच्या, प्रजासत्ताकाच्या, झेंड्याचे रंग. बघूनच भरून आलं.

माणूस मुळात लेखक हो! त्यांचं 'ला कोरोना' (म्हणजे 'मुकुट') हे नाटक डिसेंबर १९३१ मध्ये नटी मार्गारिता शिर्गूने बार्सिलोनात केलं तेव्हा नाटककार स्वतः देशाचा पंतप्रधान होता. मे १९३६ मध्ये प्रेसिडेंट झाले आणि जुलैत लष्कराने रिपब्लिकविरुद्ध बंड केलं, त्यातूनच यादवी युद्ध पेटलं.

पण मला सगळ्यात भिडतं ते युद्ध चालू असताना लिहिलेलं 'बेनिकार्लोची रात्र'. नुसते संवाद. बेनिकार्लो या स्पेनमधल्या समुद्राकाठच्या गावी रात्रीच्या मुक्कामाला थांबलेली माणसं, डॉक्टर, वकील, लष्करी अधिकारी, माजी मंत्री, एक नटीपण, आणि सगळे रिपब्लिकच्याच बाजूचे असून एकमेकांना विचारतायत की आपलं हे असं का झालं. मे १९३७ मध्ये बार्सिलोनात रिपब्लिकवाल्यांचेच गट रस्त्यावर एकमेकांवर गोळ्या झाडत होते, प्रेसिडेंट चार दिवस अडकून पडले, आणि त्याच चार दिवसांत त्यांनी याचा शेवटचा मजकूर तोंडी सांगून लिहून घेतला. लोक त्यांना कचखाऊ म्हणतात, मला अजिबात पटत नाही. ऐन युद्धात आपल्याच माणसांच्या चुका कागदावर उतरवायला छाती लागते, आणि १८ जुलै १९३८ च्या भाषणात शांती, करुणा आणि क्षमा मागायलाही.

युद्ध हातचं गेल्यावर फेब्रुवारी १९३९ मध्ये डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये आले, ३ नोव्हेंबर १९४० ला इथे मोंतोबाँतल्याच एका हॉटेलात वारले. शवपेटीवर रिपब्लिकचा झेंडा घालायला फ्रेंच अधिकाऱ्यांनी मनाई केली, मग मेक्सिकोच्या राजदूतांनी आपल्या देशाचा घातला.

असान्यांचे मेहुणे सिप्रियानो रिवास शेरीफ, 'ला कोरोना' बसवणारे तेच, त्यांना गेस्टापोने, नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, पकडून युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या हवाली केलं, फाशीची शिक्षा झाली, ती कमी झाल्यावर या माणसाने तुरुंगात कैद्यांना घेऊन नाटकं केली. बेनिकार्लोची ती रात्र माद्रिदच्या स्टेजवर यायला मात्र १९८० उजाडलं, फ्रँको जाऊन पाच वर्षं झाल्यावर.