कॅनबेरा आखली शिकागोत, आखणारा लखनौत

आमच्या कॅनबेरातल्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये राऊंडअबाउटवरून एक तरी विनोद होतोच, गोल गोल फिरा आणि परत तिथेच या वगैरे. पण घरी पाहुणे आले की मी त्यांना आधी माउंट एन्स्लीवर नेते, कारण वरून सगळा हिशेब कळतो. खाली वॉर मेमोरियल, तिथून निघालेला लालसर खडीचा सरळसोट अँझॅक परेड, मग तलाव, पलीकडे जुनं पार्लमेंट आणि बरोब्बर त्याच्या मागे टेकडीवर नवं, सगळं एका रेषेत!

ही रेषा कागदावर मारली वॉल्टर बर्ली ग्रिफिननं. शिकागोकडचा माणूस, फ्रँक लॉईड राईट या नामवंत आर्किटेक्टकडे काम केलेला, आणि १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीच्या आराखड्याच्या स्पर्धेत १३७ एन्ट्रीजमधून त्याचा प्लॅन पहिला आला तेव्हा त्यानं ऑस्ट्रेलियात पाऊलही ठेवलं नव्हतं, जागेचे नकाशे आणि चढ-उतार बघूनच सगळं आखलेलं. पण माझ्या मते निम्मं बक्षीस बायकोचं. मॅरियन महोनी, १८९४ ची एमआयटीची आर्किटेक्ट, तिनं कापडावर ती मोठमोठी चित्रं रंगवली, सोनेरी-तपकिरी डोंगर, आणि खरंच जानेवारीत इथलं गवत वाळलं की डोंगर तस्सेच दिसतात. एन्स्लीवरच्या त्या लुकआउटला आता तिचं नाव आहे, पण ते दिलं २०१३ मध्ये, म्हणजे बघा.

१९१३ ला साहेब इथे आले आणि सरकारी बाबूंशी जी जुंपली ती १९२० च्या शेवटी काम सोडेपर्यंत. बाबू सगळीकडे सारखेच हो. मग सिडनीजवळ कॅसलक्रॅग नावाचं उपनगर वसवलं, मंदीत तर कचरा जाळायच्या भट्ट्यांची डिझाइन्स केली (त्यासुद्धा देखण्या!), आणि १९३५ मध्ये गडी थेट लखनौला, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचं काम मिळालं म्हणून. तिथे कामांची रीघ लागली, पायोनियर पेपरची बिल्डिंग, मोठ्या प्रदर्शनाचे मंडप, मदतीला मॅरियनही येऊन पोचली. आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तो गेला, साठीच्या वयात. लखनौच्या ख्रिश्चन स्मशानभूमीत पुरलाय, कितीतरी वर्षं वर साधा नावाचा दगडही नव्हता.

त्याच्या प्लॅनमधला तलाव भरला १९६४ मध्ये. मॅरियन १९६१ लाच गेली, तिनंही तो बघितला नाही.