पदवी हाती, मसुदा कोरा

सोव्हिएत काळात वरचे प्रशासक घडत ते कम्युनिस्ट पक्षाच्या पक्षशाळांत. १९९१ नंतर या शाळा संपल्या, पण अनेक ठिकाणी त्यांच्या इमारती आणि प्राध्यापक नव्या प्रशासन अकादम्यांकडे आले. मिन्स्क, कीव, बाकू, आस्ताना इथल्या अकादम्या थेट राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत होत्या. आता काही ठिकाणी हे काम विद्यापीठांकडे जातंय. युक्रेनची अकादमी २०२१ मध्ये कीवच्या तारास शेव्चेन्को विद्यापीठात विलीन झाली, मोल्दोव्हाची २०२२ मध्ये तिथल्या राज्य विद्यापीठात.

हे पाऊल मला योग्य वाटतं. अडचण येते ती विद्यापीठाच्या सवयींची: प्राध्यापक कायदा कलमागून कलम वाचून दाखवतात आणि शेवटी बहुपर्यायी चाचणी होते. पुढे कायदा बदलतो आणि वहीतल्या टिपा निकामी होतात. युक्रेनचा नागरी सेवा कायदा २०१५ च्या डिसेंबरात मंजूर झाला, १ मे २०१६ ला लागू झाला आणि त्यानंतरही त्यात दुरुस्त्या होत राहिल्या. त्याच कायद्यानुसार 'अ' आणि 'ब' वर्गाच्या पदांना पदव्युत्तर पदवी लागते. साहजिकच नोकरी करणारी माणसं आधी पदवीच्या कागदासाठी येतात.

अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमात मात्र बरंच साधता येतं. युक्रेनमध्ये १ क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यातले १० तास वर्गात आणि २० तास स्वतःच्या टेबलावरच्या कामात घालवावेत. अभ्यासक्रम आखताना विषयांची यादी बाजूला ठेवून आधी पदाचं कर्तव्यपत्रक उघडावं. त्यातली वारंवार करावी लागणारी तीन-चार कामं निवडावीत: नागरिकाच्या अर्जाला उत्तर, खरेदीची अट, निर्णयाची कारणमीमांसा. प्रत्येक कामासाठी नावं काढून टाकलेली खरी फाईल द्यावी. पहिला मसुदा शिकवण्याआधीच लिहून घ्यावा आणि शेवटी त्याच फाईलवर दुसरा. काय शिकले, हे दोन मसुदे शेजारी ठेवले की दिसतं. गट २० च्या वर नेऊ नये, कारण प्रत्येक मसुदा ओळीओळीने तपासायचा तर एका शिक्षकाला त्याहून जास्त झेपत नाहीत.

हे कोसळतं बहुधा एकाच कारणाने. खातं गरज असलेल्याला न पाठवता त्या आठवड्यात मोकळा असेल त्याला पाठवतं. मग ग्रामपातळीचा कारकून आणि मंत्रालयातला विभागप्रमुख एकाच बाकावर बसतात आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही. म्हणून नावनोंदणीच्या अर्जात पद आणि हातातलं चालू काम लिहून घ्यावं आणि ते जुळत नसेल तर नाव परत पाठवावं. त्यासाठी विद्यापीठाला खात्याशी वाईटपणा घ्यावा लागतो, पण तो घ्यावाच.

कझाकस्तानात आणखी एक गाठ आहे. तिथे बरेच मसुदे आधी रशियनमध्ये तयार होतात आणि मागाहून कझाकमध्ये उतरवले जातात. अर्थ तिथेच घसरतो. अशा वर्गात पहिला मसुदा कझाकमध्येच लिहायला लावावा, आणि दोन्ही मजकुरांचा कलमवार ताळा शिकणाऱ्यांनीच जोडीने करावा.