पोटदुखी म्हणून आलेली पोरगी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) स्टाफ नर्स आहे. पावसाळ्यात पोटदुखी म्हणजे आमच्याकडं रोजचंच, जुलाब-उलट्या, सलाईन लावा, ओआरएस द्या, पुढचा पेशंट. त्यात ऑगस्टमध्ये एकदा पहाटे 4 च्या सुमारास एक बाप पोरीला गाडीवर मधात बसवून घेऊन आला, मागून तिची आई धरून. "सिस्टर, पोट लय दुखून राह्यलं जी हिचं, रात्री चांगली जेवून झोपली होती. एखादं इंजेक्शन मारून द्या न, सकाळी निंदाले जायचं हाये."

पोरगी कळवळत होती पण पोट दाबलं तर एकदम मऊ. अपेंडिक्स असेल तर बहुतेक वेळा दुखणं बेंबीपासून सरकत उजवीकडं खाली येतं, तिथं हात लावू देत नाहीत, अल्सर फुटला तर पोट लाकडासारखं कडक लागतं. इथं तसलं काहीच नाही, ताप नाही, जुलाब नाही.

डॉक्टर मॅडमना उठवलं. त्यांनी पहिलं विचारलं, झोपली कुठं होती? खाली, सतरंजीवर, भिंतीला लागून पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) ढीग. मॅडमनी टॉर्च मारला, म्हणाल्या वर बघ. बुबुळं वर गेली, पापण्या मात्र अर्ध्यावरच. आई म्हणे, झोप येऊन राह्यली तिले.

मण्यार साप चावला! अंगभर शोधलं, खूण कुठंच नाही. मण्यारचे दात बारीक, झोपेत चावलेलं कळतही नाही, सूज नाही, रक्त नाही, आणि पहिली तक्रार कितीदा पोटाचीच असते. रक्त गोठायची 20 मिनिटांची टेस्ट पण नॉर्मल येते, कारण हे विष घोणस-फुरशासारखं रक्तावर नाही तर नसांवर (मज्जातंतूंवर) जातं. लगेच एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) 10 व्हायल चालू केल्या (पोरांना डोस कमी नसतो, साप काही वय बघून विष सोडत नाही) आणि 108 बोलावली. एएसव्ही अंगात फिरणारं विष पकडतं, नसांवर जाऊन बसलेलं काढत नाही, म्हणून सगळा खेळ वेळेचा. अँब्युलन्समध्ये थुंकी गिळता येईना, मान उचलेना, मग अँब्यू बॅग (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत दाबतच मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचलो. व्हेंटिलेटरवर राहिली, पण वाचली.

इंजेक्शन मारून घरी झोपवली असती तर संपलंच होतं. पोटदुखीत मला भीती वाटते ती अशांची, पाळी चुकलेली बाई पोटात कळ येऊन चक्कर येते म्हणाली तर गर्भ नळीत असू शकतो, पन्नाशीचा माणूस छातीखाली दुखतंय म्हणत घामाघूम झाला तर आधी ईसीजी, आणि पोट फुगून संडास-वारा बंद, हिरवी उलटी, तर सकाळची एसटी बघत बसायचं नाही.

पोरगी आता खाटेवर मच्छरदाणीत झोपते. गावातले अर्धे लोक मात्र अजून म्हणतात, साप कोणाले दिसलाच नाई, बाजारातलं काहीतरी खाल्लं असन.